दुसऱ्या कडव्यातलं दूध

शाळेचा कार्यक्रम उद्यावर आला होता. आईनं अस्वलाच्या कानांना शेवटचा टाका घातला आणि पिटुकलीला एकदा सगळा नाच करून दाखवायला सांगितलं. पिटुकली खांद्याला टपालाची पिशवी अडकवून डुलत डुलत नाचली. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर मात्र ती थांबली, कमरेवर हात ठेवले आणि करड्या आवाजात म्हणाली, "अगं ए, दूध उतू गेलं. बंद कर ते अस्वल आणि ये इकडं." मग पिशवी टाकून धूम पळाली.

आईची सुई हातातच राहिली.

आई आठ वर्षांची असताना तिला टपाल वाटणाऱ्या अस्वलाच्या सिनेमानं झपाटलं होतं. पाच वेळा सिनेमा पाहून झाल्यावर तिनं रडून-भेकून गाण्यांची कॅसेट मिळवली आणि चुलत भावंडं पळवतील म्हणून वरच्या कडेला स्वतःच्या नावाची पट्टी चिकटवली. ती बसली नेमकी कडेच्या खाचेवर. ही खाच उघडी असेपर्यंतच कॅसेट सुरक्षित असते, बुजली की तिच्यावर काहीही नव्यानं भरता येतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आठवड्याच्या आत एकदा घाईघाईत टेपरेकॉर्डरचं रेकॉर्डिंगचं लाल बटणही दाबलं गेलं आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून तिची आई कडाडली. अस्वल नदी ओलांडत असताना मधेच सात सेकंद दूध उतू गेलं, ते कायमचं. पोरगी दोन दिवस जेवली नाही. मग हळूहळू त्या वाक्याशिवाय गाणं तिलाच अळणी वाटू लागलं.

ती कॅसेट आणि तो टेपरेकॉर्डर आता पिटुकलीकडे आले होते. दात घासण्यापासून झोपेपर्यंत घरात अस्वल टपाल वाटत असे. शाळेत मात्र वर्षभर पोरीनं तोंड उघडलं नव्हतं. बाईंनी तिचा आवाज ऐकला होता तो फक्त शिंकताना. गाणं पाठ आहे म्हणून तिला पुढच्या अस्वलाचं काम मिळालं, तेव्हापासून ती रंगमंचावर उभी तरी राहील का, ही आईला काळजी होती. आणि आता हे.

"हे गाण्यात नाहीये, राणी."

"आहे. अस्वलाची आई म्हणते."

"ती अस्वलाची आई नाही. माझी आई आहे."

पिटुकलीनं सोफ्यावर मटार सोलत बसलेल्या आजीकडे नीट निरखून पाहिलं. आजीनं मान वर न करता सांगितलं, "मी नाही ती. माझा आवाज असा आहे का? शेजारीण असेल कुणी." गेली सव्वीस वर्षं तिचं हेच म्हणणं होतं.

आईनं मोबाइलवर खरं गाणं लावून दाखवलं. त्यात दूध नव्हतं. पिटुकलीचा चेहरा फसवणूक झाल्यासारखा झाला. उद्या नुसतं नाचायचं, तोंडातून एक शब्द काढायचा नाही, असं आईनं तिच्याकडून तीनदा कबूल करून घेतलं आणि मगच तिच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी आठ अस्वलं रंगमंचावर झकास नाचली. दुसरं कडवं अर्ध्यावर आलं आणि आठही जागच्या जागी थांबली. गाणं पुढे चाललं होतं. सात अस्वलं पिटुकलीकडे बघत होती आणि पिटुकलीनं दोन्ही पंजे तोंडावर घट्ट दाबून धरले होते.

बाई पायऱ्यांवरून पहिल्या रांगेकडे वाकल्या. "ती म्हणत का नाहीये?"

"काय?"

"अहो, दुधाचं. सरावात रोज तीच म्हणते, तेव्हा सगळी पळतात. वर्षात पहिल्यांदा बोलली पोर, म्हणून मी ते नाचातच घेतलं."

म्हण, म्हण, अशा खुणा आईनं दोन्ही हातांनी केल्या. पिटुकलीनं ठाम मान हलवली. कबूल केलं म्हणजे केलं. पण पंजांच्या वर तिचे डोळे भरून आले होते. टोकाचं धाकटं अस्वल कंटाळून खाली बसलं. बाबांनी चित्रीकरण थांबवून उगाच मोबाइल पुसायला घेतला.

तेवढ्यात आईशेजारची खुर्ची करकरली. आजी उभी राहिली. तिनं कमरेवर हात ठेवले.

"अगं ए, दूध उतू गेलं. बंद कर ते अस्वल आणि ये इकडं."

माइकची गरज पडली नाही. मागच्या रांगेतले दोघे-तिघे गृहस्थही सवयीनं उठून उभे राहिले. आठही अस्वलांनी पिशव्या फेकल्या आणि आतल्या दाराकडे जी धाव घेतली, तिच्यात पिटुकली सर्वांत पुढे होती, खदखदून हसत. टाळ्या थांबेनात. हे सगळं बसवलेलंच आहे, अशी लोकांची समजूत झाली, आणि बाईंनीही ती मोडली नाही.

घरी चालत येताना पिटुकलीनं आजीचं बोट धरलं होतं. "आजी, म्हणजे अस्वलाची आई तूच ना?"

घराचा कोपरा वळल्यावर आजीनं पिटुकलीच्या आईकडे एकदा पाहिलं.

"दोन लिटर होतं," ती म्हणाली. "आणि पातेलं नवं होतं."