बर्फ नसलेला हिमालय

चैत्रात ब्रह्मपुरीचं ऊन असं असतं की छपराच्या पत्र्यावर पापड भाजून निघावा. अशा उन्हात आमचे शेजारी श्रावणभाऊ अंगात लोकरीचा स्वेटर घालून आणि पाठीवर ताडपत्रीची भलीमोठी पिशवी बांधून तलावाला फेऱ्या मारत. पिशवीत धान भरलेलं असे. ही हिमालयाची तयारी. आणि एवढा घाम गाळणाऱ्या माणसाची हिमालयाला अट एकच होती, की तिथं बर्फ नसावा.

श्रावणभाऊ तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुनीम होते. कॉलेजातले भूगोलाचे सर सुट्टीत पोरांना हिमालयात पायी फिरवून आणत आणि परत आल्यावर पडद्यावर फोटो दाखवत. एकदा हे नवरा-बायको दोघंही ते बघून आले. घरी येताना सुमनवहिनी म्हणाल्या, "एकडाव तो पांढरा पहाड डोयानं पाहाव वाटते." दुसऱ्या कोणाच्या बायकोनं असं म्हटलं असतं तर नवऱ्यानं पहाडाचं कॅलेंडर आणून भिंतीला टांगलं असतं. श्रावणभाऊंनी शिंप्याकडून दोन पिशव्या शिवून आणल्या, एक मोठी, एक लहान.

अडचण वेळेची होती. वैशाखात तेंदूचा हंगाम, तेव्हा मुनीम जंगलातल्या फडीवर मजुरांनी आणलेले विडीच्या पानांचे पुडे मोजत बसलेले. पावसाळ्यात पहाडात दरडी कोसळतात. कार्तिकात घरचं धान कापायला येतं. थंडीत तर तिकडं वाटाच बंद. उरला चैत्र. आणि चैत्रात तिकडचा बर्फ काही हललेला नसतो. हिमालयानं आपली कामं ठेकेदाराला विचारून करायला हवी होती, असं श्रावणभाऊंचं मत होतं.

मग ते वाट निवडायला बसत. दर शिवरात्रीला बसत आणि तेंदू येईपर्यंत निवडत राहत. सर बिचारे नकाशा घेऊन त्यांच्या ओसरीवर यायचे. मी परक्या पुरुषासमोर कधी तोंड उघडत नसे, पण दाराआडून ऐकायला तोंड कशाला लागतं?

"या वाटंवर बर्फ हाये काय, सर?"

"खिंडीत असतो थोडा."

"थोडा म्हंजे?"

"गुडघाभर."

"काट मारा."

"मग ही बघा. इथं फक्त शेवटच्या टप्प्यात."

"तिलेबी काट मारा."

"अहो मुनीमजी, लोक बर्फासाठीच तर जातात!"

"जाऊ द्या न त्याईले. आमाले बर्फ पाहाचा हाये, तुडवाचा नाई. पहिले पाय, मग पहाड."

हे शेवटचं वाक्य त्यांनी ब्रह्मपुरीत इतक्या वेळा म्हटलं होतं की बाजारात पोरं त्यांना 'पहाड' म्हणत. सरांवर भरवसा नव्हता, म्हणून ते राइस मिलवर येणाऱ्या ट्रकवाल्यांनाही गाठत. "सरदारजी, उधर का बरफ गया क्या?" सरदारजी चहा पिता पिता म्हणाला, "मुनीमजी, मैं तो जालंधर का हूँ. हमारे यहाँ बरफ लस्सी में मिलता है." श्रावणभाऊ घरी येऊन म्हणाले, "जालंधर चांगलं दिसते." तिथं पहाडही नाही, हे त्यांना सांगायला सरांची एक संध्याकाळ गेली.

सुमनवहिनींची तऱ्हा आणखी वेगळी. घरात, अंगणात, विहिरीवर, कुठंही त्यांच्या पायात मोजे आणि कॅनव्हासचे बूट. कोणाच्या घरी गेल्या तरी बूट काढायचे नाहीत, ओसरीवरूनच परत. आमच्या आळीतल्या बायका त्यांना 'मडम' म्हणत. "मडमले जमिनीची लाज वाटते," म्हणत. वहिनी हसून सोडून देत.

आणि एका वर्षी खरंच वाट सापडली. सर थकून म्हणाले, "ही घ्या. उंची कमी, उतार उन्हाकडचा, बर्फ केव्हाच वितळून जातो. आणि समोर सगळी पांढरी रांग दिसते."

"बराबर हाये," श्रावणभाऊ म्हणाले, "तेंदूलेबी उन्हाच्या बाजूनं पान आधी फुटते." जणू हिमालयाची लागवड त्यांनीच केली होती.

नागपूरहून पुढचं तिकीट काढलं. ठेकेदारानं कुरकुरत रजा दिली. आळीत पैजा लागल्या. आमचे हे बस कंडक्टर, त्यांची पैज अशी होती की भाऊ बसमध्ये चढतील आणि गावाबाहेरचा पहिला फाटा आला की उतरतील.

जायच्या दिवशी सकाळी मी तिळाची चटणी द्यायला मागच्या कुडाशी गेले. सुमनवहिनी पाटावर बसल्या होत्या. श्रावणभाऊंनी त्यांचा उघडा पाय मांडीवर घेतला होता आणि तळव्याखाली आरशाचा तुकडा धरून पाहत होते. आदल्या संध्याकाळी वहिनी लहान पिशवी घेऊन तलावापर्यंत चालून आल्या होत्या. बुटातून बाभळीचा काटा आत शिरून मोडला होता. मोजा रक्त वाळून कडक झालेला.

"चला न, बस सुटंल. मले दुखून नाई राह्यलं," वहिनी म्हणाल्या.

"तुले दुखत नाई, म्हणूनच त मी पाह्यतो न, सुमन."

"एक काटा त हाये. पट्टी बांधा."

"अन् तिकडं थंडीत चिघयला त? वाट कोरडी हाये, पर हवा त बर्फाचीच न. पहिले पाय..."

वहिनींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "मंग पहाड," त्या म्हणाल्या.

माझ्या मामीचे पाय तसेच होते, म्हणून मला लगेच समजलं. महारोग औषधानं बरा होतो, पण पायातली गेलेली जाण परत येत नाही. काटा रुतला, निखारा पडला, बर्फानं बोटं गोठली, तरी पायाला कळत नाही. रोज दुसऱ्या कोणाला तरी बघावं लागतं. आणि त्या काळी आमच्या आळीत हा शब्द नुसता निघाला असता, तरी रोग बरा झालाय का, हे कोणी विचारलं नसतं, त्यांचं भाड्याचं घर तेवढं सुटलं असतं.

मी चटणी घेऊन तशीच परत आले. समोर आमचे हे सायकलला मोठी पिशवी बांधत होते. आळी तमाशा बघायला गोळा झालेली. श्रावणभाऊ बाहेर आले, हात वर करून म्हणाले, "कॅन्सल! बर्फ पडला म्हणते तिकडं."

हशा उसळला. "पहाड भ्याला, पहाड भ्याला!" कोणी म्हणालं, "काऊन भाऊ, रातच्याला तार आली काय बर्फाची?" श्रावणभाऊ खाली मान घालून हसत होते. तेवढ्यात त्यांची नजर आमच्या दारात उभ्या माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या चटणीच्या डब्याकडे गेली. मी मागच्या कुडाशी येऊन गेले, ते त्यांना कळलं. त्यांचं हसू थांबलं.

मी दारातून बाहेर आले आणि इतक्या माणसांसमोर पहिल्यांदाच बोलले. "खरं हाये," मी म्हटलं. "आता रेडिओवर सांगतलं. लय बर्फ पडला म्हणे."

आमच्या रेडिओतले सेल होळीपासून संपलेले होते. यांना ते माहीत होतं. हे माझ्याकडे बघत राहिले, मग सायकलची पिशवी सोडू लागले.