नळ गळायचा थांबला

नोंदरावांनी त्या सकाळी फक्त एवढंच ठरवलं होतं, की ऑफिसला जाताना जरा वाट वाकडी करून लेकीचं प्रदर्शन डोळ्यांखालून घालावं. उद्घाटन संध्याकाळी होतं. पण संध्याकाळी मोठमोठी माणसं येणार, आणि त्यांच्यासमोर आपल्याला काहीच समजलं नाही तर तोंड कुठे लपवायचं? त्यापेक्षा आधीच एकट्याने जाऊन न समजण्याची सवय करून घ्यावी, असा त्यांचा साधा विचार.

नोंदराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसत. पाइप फुटला, पाणी गढूळ आलं, पाणी आलंच नाही, माणूस काहीही घेऊन येवो, नोंदराव गंभीरपणे ऐकून घेत आणि म्हणत, "नोंद घेतली आहे." पुढे काय होणार, असं कुणी नेट धरून विचारलंच, तर म्हणत, "उद्या बघतो." (प्रत्यक्ष बघणारं खातं वरच्या मजल्यावर होतं, आणि तिथे नोंदराव स्वतःही कधी गेले नव्हते.) ऑफिसने त्यांचं नाव नोंदराव पाडलं आणि तेच चिकटलं.

घरातही कारभार तोच. स्वयंपाकघरातला नळ लेक रांगत होती तेव्हापासून गळत होता. बायको म्हणायची, "अहो, नळ." नोंदराव म्हणायचे, "उद्या बघतो." लेक शाळेत गेली, मग परगावी कला शिकायला गेली, शिकून परत आली, तरी नळ आपला टप् टप् चालूच. आणि मग एके दिवशी तिने तोच नळ मागितला.

"घे की," नोंदराव म्हणाले. "पण गळका कशाला? नवा घेऊन देतो."

"नको बाबा. गळकाच हवाय. प्रदर्शनात मांडायचाय."

नोंदराव आणि बायको दोघेही तिच्याकडे बघतच राहिले. मग लेकीने त्यांना समोर बसवून समजावून सांगितलं. शंभरेक वर्षांपूर्वी एका कलावंताने मुतारीचं भांडं प्रदर्शनात ठेवायला पाठवलं. स्वतः घडवलेलं नव्हे, दुकानातून आणलेलं. केवढा गहजब झाला! तेव्हापासून वाद सुरू आहे, की कला म्हणजे हाताने घडवलेली वस्तू, की कुणीतरी 'हिच्याकडे नीट बघा' म्हणून पुढे ठेवलेली कुठलीही वस्तू?

नोंदरावांनी बराच वेळ विचार केला. "जोडलं होतं का ते?"

"म्हणजे?"

"पाण्याला. कनेक्शन होतं का?"

"नाही, बाबा."

"मग तक्रारीचा प्रश्नच येत नाही," नोंदराव म्हणाले, आणि त्यांच्यापुरता तो शंभर वर्षांचा वाद मिटला.

"एकाने भिंतीला केळं चिकटवलं," लेक चिकाटीने पुढे सांगत होती, "एकीने आपला न आवरलेला पलंग होता तसा मांडला."

"अगं बाई," आई म्हणाली, "आणि तुझी खोली मी इतकी वर्षं आवरत बसले!"

तर अशी सगळी पूर्वतयारी घेऊन नोंदराव त्या सकाळी दालनात शिरले. लेक छापखान्यात गेली होती. पहारेकऱ्याने 'कलाकाराचे वडील' म्हणून त्यांना आत सोडलं आणि तो बाहेर चहा प्यायला गेला. आत पांढरीशुभ्र भिंत. भिंतीत त्यांच्या घरचा नळ, मागे पाण्याची टाकी, खाली पत्र्याची बादली, वरून दिव्याचा झोत. टप्. टप्. शेजारी छोटी पाटी होती. नोंदरावांनी चष्मा पुसून वाचली.

*उद्या बघतो. नळ, बादली, पाणी, वडील. स्थळ: आमचं स्वयंपाकघर.*

दुसरा कुणी असता तर त्याला यात कला दिसली असती, किंवा थट्टा दिसली असती. नोंदरावांना दिसली तक्रार. तक्रारीचं स्वरूप, ठिकाण आणि जबाबदार व्यक्ती, तिन्ही गोष्टी जागच्या जागी. सगळ्या नोकरीत इतकी व्यवस्थित तक्रार त्यांच्याकडे कुणी आणली नव्हती. लोक उगाच बडबडतात आणि पत्ताच सांगायचं विसरतात.

त्यांचे कान तापले. आणि मग त्यांना मनापासून वाईट वाटलं. पोटची पोर, इतकी वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. शेवटी बिचारीला एवढं मोठं दालन घेऊन, दिवे लावून, सगळ्या गावासमोर सांगावं लागलं, की माझ्या बापाने नळ दुरुस्त केला नाही. नोंदराव तिथेच उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा, नोंद न घेता, त्यांनी एका तक्रारीवर कारवाई करायचं ठरवलं.

त्यांनी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा कळवली. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा वायसर आणि पाना आणला. (दुकानदाराने विचारलं, "कोणत्या मापाचा?" तर माप त्यांना तोंडपाठ होतं. नळाबद्दल त्यांनी विचार केला नव्हता असं कुणी म्हणू नये.) मागचा कॉक बंद करून त्यांनी जुना झिजलेला वायसर काढला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कचऱ्याच्या गाडीत टाकला. मग कोटाच्या बाह्या सरसावल्या आणि कामाला लागले.

घरी हे काम त्यांना कधीच जमलं नव्हतं. मधून मधून सुट्टीच्या दिवशी ते पाना घेऊन बसत, नाही असं नाही. पण पाठीमागे बायको उभी असायची. "अहो, उलटं फिरवताय." "मला कळतं." "कळत असतं तर..." असं होत होत नळ पहिल्यापेक्षा जोरात गळायला लागायचा. इथे मागे कुणी नव्हतं. दालनात इतकी शांतता होती, की आट्यांवर पाना बसल्याचा आवाजही ऐकू येत होता. हात थरथरला नाही, आटा चुकला नाही. नोंदरावांनी कॉक उघडला. नळ कोरडा ठणठणीत. एक थेंबही नाही.

ते बादलीशेजारी जमिनीवर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (त्या खोलीत आता तेवढंच काय ते गळत होतं.)

दुपार कलल्यावर लेक आली. बरोबर दालनाच्या प्रमुख बाई होत्या. बाईंचा आवाज इतका मऊ, की रागावल्या तरी समोरच्याला विचारपूस वाटावी.

"पाणी का थांबलंय?" बाईंनी विचारलं.

नोंदराव उठून उभे राहिले. "तक्रार निकालात काढली," ते अभिमानाने म्हणाले.

लेकीने एकदा नळाकडे पाहिलं, एकदा पान्याकडे.

"आता हा नुसता नळ आहे," बाई म्हणाल्या.

"मघाशीही नळच होता."

"मघाशी ती कलाकृती होती."

"म्हणजे बिघडलेला असला की कला, आणि दुरुस्त झाला की नळ?"

"या बाबतीत, हो."

"मग आमच्या कार्यालयाच्या हद्दीत फार मोठं प्रदर्शन भरलेलं आहे," नोंदराव म्हणाले. त्यांना विनोद करायचा नव्हता. त्यांना खरोखरच तसं वाटलं.

"थोडा सोडून ठेवला तर?" लेकीने हळूच विचारलं.

बाईंनी मान हलवली. "ती धार होईल. धार म्हणजे कुणीतरी सोडलेलं पाणी. गळणं म्हणजे कुणीही न सोडलेलं. तुझं सगळं काम त्या फरकावर उभं आहे. दारं उघडेपर्यंत गळलं नाही, तर ही जागा मला रिकामी ठेवावी लागेल. माझा नाइलाज आहे." आणि त्या निघून गेल्या.

बापलेक दोघेच राहिले.

"मला वाटलं, तू तक्रार केलीस," नोंदराव म्हणाले.

"तक्रार नव्हती, बाबा." लेक बादलीशेजारी येऊन बसली. "मी हॉस्टेलवर असताना तुम्ही रोज फोन करायचात. 'बरी आहेस ना?' एवढंच विचारायचात, आणि मग गप्प. फोन ठेवायचाही नाहीत. मागे नळ ऐकू यायचा. टप्, टप्. मला वाटायचं, बाबा आहेत अजून फोनवर. मी तेवढ्यावर झोपायचे. ते मला लोकांना ऐकवायचं होतं."

इतकी वर्षं ज्याची लाज वाटली, त्याचा कुणाला आधार वाटत होता, ही गोष्ट त्यांच्या कुठल्याही रकान्यात बसेना. ते पाना उचलून नळाशी बसले. वायसर ढिला केला, धार लागली. आवळला, बंद. वायसरला नखाने ओरबाडलं, दाताने चावून पाहिलं, नळाला पान्याने दोन तडाखे दिले. नळ कसला ऐकतो! आयुष्यात एकच दुरुस्ती साधली होती आणि ती इतकी पक्की, की करणाऱ्यालाच मोडता येईना.

नोंदरावांच्या कोटाच्या बाह्या ओल्या, कपाळाला घाम, एवढ्यात बायको येऊन पोचली. ठेवणीतले कपडे घालून, अत्तर लावून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून आलेली. लेकीने सगळी हकीकत सांगितली. बायको नळाजवळ गेली. खाली बोट धरून थांबली. बोट कोरडं.

"तुम्ही केलंत?" तिने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की लग्नानंतर तसं तिने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"हो."

"एकट्याने?"

"हो."

"तरीच," बायको म्हणाली. तिने पर्स लेकीच्या हातात दिली. "आणि आता काय करताय?"

"बिघडवतोय."

"ते तुम्हाला जमायचं नाही. तुम्ही बिघडवू नका. तुम्ही दुरुस्त करा."

"अगं, दुरुस्तच तर आहे."

"पुन्हा करा. घरी करता तशी, अगदी मनापासून. मी मागे उभी राहते."

नोंदरावांनी लेकीकडे पाहिलं. लेक हातातली पर्स छातीशी धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत आशा होती. बापाच्या कर्तबगारीवर तिने एवढी भिस्त याआधी कधी ठेवली नव्हती. ते खाली बसले. कॉक बंद करून नळ पूर्ण उघडून काढला, वायसर पुसला, आणि देवाशपथ, चांगला बसवायचा म्हणूनच हातात घेतला.

"अहो, उलटं फिरवताय."

"मला कळतं."

"कळतं म्हणे. आधी टेप गुंडाळायची असते ना?"

"नळ कुणाचा आहे?"

"माझ्या स्वयंपाकघरातला. सावकाश! वाकडं बसतंय, दिसत नाही का?"

"तू बोलू नकोस, माझा आटा चुकतो."

"मी बोलले नाही तरी चुकतोच."

नोंदरावांची कानशिलं तापली, हात सरकला, आटा आट्यावर चढला, आणि रागाच्या भरात त्यांनी वरून आणखी एक पीळ दिला. मग कॉक उघडला. तिघेही श्वास रोखून उभे राहिले.

टप्.

थोडं थांबून पुन्हा टप्.

लेकीने बापाच्या ओल्या कोटाला मिठी मारली. बायको मात्र नळाकडे बघत होती. "झालं," ती म्हणाली, "तसाच." आणि तिने डोळे टिपले. (अत्तर झोंबलं, असं तिने नंतर सांगितलं.)

प्रमुख बाई आल्या. डोळे मिटून त्यांनी बराच वेळ कान दिला. "हेच," त्या म्हणाल्या. "पण प्रदर्शन महिनाभर चालेल. मध्येच थांबलं तर?"

"त्याची सोय करते," लेक म्हणाली, आणि तिने छापखान्यातून घाईघाईने आणखी एक पाटी करून आणली. दारं उघडली तेव्हा ती भिंतीवर लागलेली होती. खाली नोंदरावांचं पूर्ण नाव, हुद्दा आणि फोन नंबर. नोंदराव आल्यागेल्याला हाताला धरून तिथे नेत होते. कुठल्याही पाटीवर त्यांचं खरं नाव छापलं जाण्याची ती पहिलीच वेळ.

*नळ गळायचा थांबल्यास तातडीने यांना दुरुस्तीला बोलवावे.*

गर्दी जरा पांगल्यावर बायकोने पर्समधून पेन काढलं, पाटी पुन्हा एकदा नीट वाचली, आणि नंबराच्या खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'एकट्याला आत सोडू नये.'