पाहुण्याला दे

"सोड रे. पाहुण्याला दे."

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या ऑफिसात माझ्या पहिल्याच आठवड्यात पार्टिशनपलीकडून हे ऐकू आलं. वाटलं, कुणीतरी फोनवर नातवंडांचं भांडण सोडवतंय. डोकावले तर विठ्ठलराव सर कॉम्प्युटरला रागावत होते.

राव सर ऑफिसची सगळी यंत्रं सांभाळायचे, आणि त्यांच्या हट्टामुळे अकाउंट्सच्या पद्माचं मशीन सोडून बाकी सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. त्यांना स्वतःला विंडोज लागायचं एकाच कामासाठी. म्हणून लिनक्सच्या पोटात त्यांनी एका चौकटीपुरतं विंडोज बसवलं होतं. लिनक्स यजमान, विंडोज पाहुणा. "पाहुणा म्हणून राहू दे मा. घर नावावर करणार नाही," ते तमिळ ढंगात मला 'मा' म्हणत सांगायचे.

ते काम म्हणजे एक जुना व्हॉइस रेकॉर्डर. त्याचा स्पीकर गेलेला, आणि आतला आवाज फक्त विंडोजवरच्या प्रोग्रॅममध्ये उघडायचा. केबल लावली रे लावली की यजमान रेकॉर्डर बळकावणार. मग त्याला आज्ञा देऊन सोडायला लावायचं आणि मेनूत खूण करून पाहुण्याकडे द्यायचं. हा सोहळा रोज जेवणाच्या सुट्टीत चाले आणि रोज फसे. पद्मा म्हणायची, माझ्या मशीनला लावा की, दोन मिनिटांचं काम. सर म्हणायचे, घरात चूल असताना शेजारी जेवायला जायचं नाही.

रेकॉर्डरमध्ये त्यांच्या अक्काचा आवाज होता. सर तंजावरला शेवटचे गेले तेव्हा भरलेला. त्यानंतर महिन्याभरात अक्का गेली. सरांचे मुलगा-सून घरी तमिळ बोलत, त्यामुळे सरांचं ते जुन्या वळणाचं तंजावरी मराठी आता फक्त माझ्या वाट्याला येई. मी उत्तर इंग्रजीत द्यायची. घर मराठी, पण शाळा इंग्रजी, मैत्रिणी तमिळ. माझं मराठी ऐकून आत्या हसायची, तेव्हापासून मी ते घराबाहेर काढत नसे.

एका दुपारी प्रिंटआउट घ्यायला गेले, तर सरांच्या स्क्रीनवर पाहुण्याच्या चौकटीत प्रोग्रॅम उघडा होता. एकच रेकॉर्डिंग, अकरा मिनिटांचं. माउसचा बाण सुरू करायच्या बटणावर. सरांनी मला पाहिलं आणि केबल उपटली.

"बघ, यजमानानं पुन्हा ओढून घेतलं," ते म्हणाले.

मी "ओह" म्हटलं आणि जागेवर आले. कुणाला सांगितलं नाही.

मग एक दिवस केबल लावली तरी रेकॉर्डरचा दिवाच लागेना. सरांनी पिन फुंकली, केबल बदलली, आणि पहिल्यांदाच यजमानाला एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या खेपेला दिवा लागला. पाहुण्याकडे तो मुकाट्यानं गेला. प्रोग्रॅम उघडला, ते अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग दिसलं. सरांचा हात पुन्हा केबलकडे गेला.

मी पार्टिशनपाशी उभी होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "अजून ऐकलं नाही, तोवर अक्काला काहीतरी सांगायचं उरलंय मा."

पुढच्या वेळी तो दिवा लागेलच असं नव्हतं. त्यांनाही ते कळत होतं. मी माझी खुर्ची ओढत त्यांच्या टेबलाशी नेली. मराठी वाक्य मनात दोनदा जुळवलं, तरी बोलताना अडखळलेच.

"केबल राहू द्या, काका. रेकॉर्डिंग लावा. मी बसते इथं."