टिचबटणांची बाही

रामोजीअण्णा बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, कोपराकडे बघत. समोरचा नमस्कार करून नाव सांगत असायचा आणि अण्णा मान किंचित वाकडी करून त्याच्या बाहीची शिवण न्याहाळत असायचे. मग विचारायचे, "कुठं ओढतंय?"

नव्या माणसाला वाटायचं, शिंपी आहे, कपड्याबद्दल विचारतोय. तो म्हणायचा, छे, कुठं नाही. त्यावर अण्णा मान हलवून म्हणायचे, "ओढतंय. तुम्हाला सवय झालीय इतकंच."

पहिल्याच दिवशी त्यांनी हे आमच्या प्राध्यापक शास्त्र्यांना ऐकवलं. सर हजेरी घेत होते. रामोजीराव हे नाव पुकारल्यावर मागच्या बाकावरून पंचावन्न वर्षांचा, काळी टोपी घातलेला माणूस उठला आणि म्हणाला, "सर, डावं कोपर झिजलंय, उजवी बाही नवी आहे. तुम्ही टेकून वाचता फार, लिहिता कमी." सरांनी आधी डावी बाही पाहिली, मग उजवी, आणि पुढचं नाव घेतलं. त्यांचं पुस्तक तीन वर्षं अर्धवट पडलं होतं, हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं.

ही गोष्ट साठच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांची. बंगलोरला एका कॉलेजात उद्योग-व्यवस्थापनाची एक वर्षाची पदविका नव्यानं सुरू झाली होती. वर्ग संध्याकाळी सहा ते आठ. व्यापारात दहा वर्षं काढलेल्यांना पदवीची अट नव्हती, म्हणून चिक्कपेटेत कारखान्यांचे गणवेश शिवणारे रामोजीअण्णा आत आले. माझ्याकडे बी. कॉम.ची पदवी होती. वडील पुण्याहून इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले होते आणि त्याच कारखान्याच्या नियोजन विभागानं मला कळवलं होतं, पदविका मिळाली तर जागा तुमची, नाहीतर दुसऱ्याला देऊ. मला ती जागा इतकी हवी होती की मी वर्षभर नीट झोपले नाही.

पदविकेत 'व्यवसायातील कल्पकता' नावाचा एक विषय होता. अर्धे गुण लेखी परीक्षेला, अर्धे प्रकल्पाला. दोघादोघांनी मिळून एखादी नवी वस्तू तयार करायची आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर चालवून दाखवायची. जोड्या ठरताना मी वर्गातली एकटी मुलगी उरले आणि अण्णा एकटे म्हातारे उरले. सरांनी आमची नावं एका ओळीत लिहिली. मी घरी येऊन आईला सांगितलं, की माझी नोकरी गेली.

अण्णांचं घराणं तीनशे वर्षं कर्नाटकात. त्यांची मराठी माझ्या कानाला आधी परकीच वाटली. ते मला तंगी म्हणत, कन्नडमधली धाकटी बहीण. घाई केली की म्हणत, "स्वल्प थांब ग तंगी, कापड पळून जात नाही." काही पटलं की, "सरी, सरी." आणि पटलं नाही की भर वर्गात उभे राहत. एकदा सरांनी विचारलं, विटेचे नवे तीस उपयोग सांगा. पोरं तुटून पडली. कुणी दार अडवलं, कुणी पापडावर वजन ठेवलं. अण्णा उठून म्हणाले, "वीट हवी कुणाला आहे, ते आधी सांगा, सर. कुणालाच नको असेल तर तीस उपयोग घेऊन काय करायचं?" सर हसले. मी हसले नाही. हाच माणूस परीक्षकांसमोरही असाच उभा राहणार, हे मला दिसत होतं.

मी प्रकल्पासाठी एक सुबक फायलींचं कपाट काढलं होतं. रंगीत खुणा, सरकते कप्पे. अहवाल टाइप करून तयार होता. परीक्षेला पाच आठवडे उरले असताना मी तो घेऊन दुकानात गेले. अण्णांनी तो शेवटच्या पानापर्यंत वाचला, बाजूला ठेवला आणि कपाटातून एक गठ्ठा काढून माझ्यासमोर सोडला. सहा शर्ट होते.

"एक टर्नर आला होता," ते म्हणाले. "लेथवर काम करायचा. सहाही शर्टांच्या उजव्या बाह्या कोपरापाशी कापून तोंड शिवून टाका म्हणून सांगितला. पुढं हात नाही. बाही चकात गुंडाळली गेली, पाठोपाठ हात गेला."

चक म्हणजे लेथचा तो गरगर फिरणारा जबडा, कामाचा तुकडा घट्ट धरणारा. मी कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली, त्याच्यात हात गेलेली माणसं मी लांबून पाहिली होती. इतक्या जवळून शिवण पाहिली नव्हती.

"ती बाही मीच शिवली होती," अण्णा म्हणाले. "दुहेरी टीप. माझी टीप तुटत नाही म्हणून तर कारखाना माझ्याकडं कापड देतो."

कपाटाचा विषय तिथेच संपला. आम्ही ओढ बसताच अंगावरून सुटेल अशी बाही करायची ठरवलं. चाळीस वर्षं टीप पक्की घालणारा माणूस आता कच्ची टीप शिकायला बसला. साधा दोरा लावला तर दोन धुण्यांत बाही गळून पडे. जाड लावला तर मी दोन्ही हातांनी ओढूनही सुटेना. तीन आठवडे यात गेले. मी रोज विचारायची, झालं का? ते म्हणायचे, स्वल्प. मग एके दिवशी शेजारणीनं बाळाचं झबलं दुरुस्तीला आणलं आणि अण्णा ते हातात घेऊन टिचबटणं उघडत आणि लावत बसले. टच, टच. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं.

नवी बाही कोपरापाशी टिचबटणांनी जोडलेली होती आणि कोपरापासून मनगटापर्यंतची शिवणही टिचबटणांचीच होती. ओढ बसली की सगळी बाही केळ्याच्या सालीसारखी उघडून निघून यायची. कोपराला पाच बटणं लावली तर सुटेना, दोन लावली तर काम करतानाच लोंबायची. तीनवर ठरलं. धुतली, वाळवली, इस्त्री केली, तरी तशीच. परीक्षेला चार दिवस होते.

बाहेरचे परीक्षक राघवाचार नावाचे होते, एका खासगी कारखान्याचे व्यवस्थापक. आमच्या आधीच्या दोन जोड्या त्यांनी पाच-पाच मिनिटांत परत पाठवल्या होत्या. एक मुलगा बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आम्हाला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नेलं. आम्ही ती बाही लावलेला सदरा एका बांबूवर चढवला, लेथ सुरू केला, बांबू पुढे सरकवला. चकानं कापड पकडलं, टच टच टच झालं आणि बाही गरगर फिरत राहिली. बांबू माझ्या हातात तसाच. दुसऱ्यांदाही तसंच.

मी राघवाचारांकडे पाहिलं. ते हातातल्या पेन्सिलीनं टेबलावर हळूहळू ठोकत होते.

"बांबूला भीती वाटत नाही," ते म्हणाले. "माणूस घाबरला की हात मागे खेचतो. तेव्हा ओढ दुसऱ्या दिशेनं बसते. तेव्हा बाही सुटेल?"

याचं उत्तर बाहीच्या नव्या अहवालात कुठेच नव्हतं. अण्णांनी परीक्षकांच्या कोपराकडे पाहिलं.

"सरी," ते म्हणाले. "बरोबर विचारलात."

त्यांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला, टोपी त्यावर ठेवली आणि बाही पुन्हा जोडून तो सदरा अंगात घातला. मनगटाचं टिचबटण लावलं. आम्हाला कळेपर्यंत ते लेथपाशी उभे होते.

शास्त्री सर उठले. "रामोजीराव, हे करायचं नाही."

"सर, तो टर्नर माझ्याच बाहीत होता," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. "तू स्विच धर, तंगी. सगळ्यात हळू वेगावर लाव. माझं ओरडणं ऐकू नकोस, बाही बघ."

मी नाही म्हणायला हवं होतं. आजही वाटतं. पण मी नाही म्हटलं असतं तरी त्यांनी दुसऱ्या कुणाला स्विच धरायला लावला असता आणि त्या दुसऱ्यानं बाही पाहिली नसती, त्यांचं तोंड पाहिलं असतं. मी लेथ सुरू केला. बोट बंद करायच्या बटणावर ठेवलं.

त्यांनी हात नेला. चकानं कापडाची कड पकडली आणि बाही ताणली गेली. अण्णांनी हात झटक्यानं ओढला. टच. टच. तिसरा आवाज आला नाही. बाही पिळायला लागली आणि त्यांचा खांदा पुढे गेला. मी लेथचं बटण दाबलं. चक लगेच थांबत नाही, आणखी थोडा फिरतो, आणि त्या फिरण्यात तिसरं बटण सुटलं. अण्णा दोन पावलं मागे येऊन कपाटावर आदळले. मनगटावर लाल वळ होता. पाचही बोटं होती. मी ती मोजली.

राघवाचारांच्या हातातली पेन्सिल खाली पडली होती.

अण्णाच पहिल्यांदा बोलले. सूर दुकानातलाच होता. "साहेब, माणूस हात मागं ओढत नाही. खाली ओढतो. मला माहीत नव्हतं. तिसरं बटण आडवं लावायला पाहिजे. लिहून घ्या."

राघवाचारांनी खरंच लिहून घेतलं. मग ते म्हणाले, "तुम्ही मूर्ख आहात," आणि आम्हाला वर्गातले सर्वांत जास्त गुण दिले. बाहेर आल्यावर मी अण्णांवर इतकी चिडले की मला रडू फुटलं. ते मनगट चोळत म्हणाले, "आधी एक कॉफी पिऊ, मग रड."

लेखी परीक्षा तीन आठवड्यांनी होती. सगळा अभ्यास त्यांनीच माझ्याकडून करवून घेतला. मागणी, बाजार, नव्या वस्तूचा धोका, सगळं त्यांना बाह्या-कॉलरांतून समजलेलं होतं आणि त्यांनी सांगितलं की मलाही समजायचं. परीक्षेच्या हॉलमध्ये ते माझ्या दोन बाक पुढे होते. तीन तास मान खाली घालून लिहीत होते.

निकाल लागला. मी पहिली आले. रामोजीराव, लेखी परीक्षेत नापास.

मी सरांकडे गेले आणि म्हटलं, तपासण्यात चूक झालीय. सरांनी कपाटातून उत्तरपत्रिका काढली. सगळे प्रश्न सोडवलेले होते. सुंदर अक्षर, एकही उत्तर चुकलेलं नाही. आणि प्रत्येक उत्तरावर वरपासून खालपर्यंत पट्टीनं ओढलेली एकेक रेघ होती. "खोडलेलं उत्तर मला तपासता येत नाही," सर म्हणाले. "मी दोनदा विचारून पाहिलं. ते माझं कोपर बघत राहिले."

मी तशीच चिक्कपेटेत गेले. अण्णा दुकानाची फळी लावत होते. मी विचारलं, का केलंत? त्यांनी आधी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. मी पुन्हा विचारलं.

"पास झालेल्याला पुन्हा फॉर्म भरता येत नाही," ते म्हणाले. "ऑफिसात विचारून घेतलं मी."

मला कळेना.

"सहाला दुकान बंद करतो," ते फळीवरची धूळ पुसत म्हणाले. "आठला जेवतो. बायको होती तेव्हा मधल्या दोन तासांत आम्ही नुसतं बोलत बसायचो. दोन वर्षं झाली. मुलगा हुबळीला, चांगला आहे, पत्र टाकतो. पण वर्गात सर विचारायचे, रामोजीराव, तुमचं काय मत? असं विचारणारं आता कोण आहे, तंगी?"

"मग पुढच्या वर्षीही नापास होणार?"

"बघू. सरांना रिटायर व्हायला किती वर्षं आहेत, ठाऊक आहे तुला?"

ते हसले. मी हसण्याचा प्रयत्न केला. घरी जायला निघाले होते, पण पायऱ्या उतरवेनात. मी परत वळले, त्यांनी लावलेली फळी स्वतःच्या हातानं काढून बाजूला ठेवली आणि आत स्टुलावर बसले.

"अण्णा," मी म्हटलं, "सोमवारी मी कामावर रुजू होणार. नियोजनवाल्यांना रोज मशीन शॉपमध्ये जावं लागतं. तिथे आजवर साडीतली बाई गेलेली नाही. पदराचं काय करू, मला सुचत नाही. तुमचं काय मत?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग टेप गळ्यात टाकून समोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "स्वल्प विचार करू दे." आठ वाजून गेले तरी ते बोलत होते.