पाणवठ्यावर पाच ससे

हे मी सांगायचं नाही, असं ठरलं होतं. पण मुलांनो, तुम्ही लहान आहात आणि लहानांनी सांगितलेलं कुणी खरं धरत नाही, म्हणून सांगते.

एका जंगलात एक पाणवठा होता. सिंहमहाराजांना वाटलं, तिथे ससे बागडताना छान दिसतील. त्यांनी एका फळीवर लिहिलं, ‘पाणवठ्यावर पाच ससे’, आणि फळी जांभळीला टांगली. मग ते झोपले. राज्य असंच चालतं.

फळीबरहुकूम सगळं आहे ना, हे बघायला एक टिटवी नेमली. ती ससे मोजायची आणि फळी वाचायची. चार भरले तर बिळातून एक आणायची. सहा भरले तर एकाला घरी हाकलायची. मग पुन्हा मोजायची. फार गुणी टिटवी.

पाण्यात एक सुसर होती. ती रोज सकाळी एक ससा खायची. टिटवी लगेच दुसरा आणायची. सुसरीलाही हा कारभार पसंत होता.

एके दिवशी टिटवी तुळसा सशिणीच्या बिळाशी आली.

“उद्या तुझी लेक. गोजी ना तिचं नाव?”

“टिटवीताई, आधीचे ससे गेले कुठे?”

“ते मला विचारू नकोस. आहेत किती, ते विचार.”

“सुसर खाते त्यांना.”

“फळीवर सुसरीचं नाव नाही, बाई.”

तुळसा तडक महाराजांकडे गेली.

“महाराज, ससे मरतायत.”

“पाच आहेत ना?”

“आहेत. पण कालचे नाहीत.”

“सशासारखा ससा असतो. तुम्ही त्यांना नावं कशाला देता?”

“मग ती फळी तरी काढा.”

“आणि पाहुण्यांना काय दाखवू?”

तुळसा हात जोडून म्हणाली, “खरंय, महाराज. एवढ्या मोठ्या राजाला पाचच ससे शोभत नाहीत. पन्नास लिहा.”

महाराजांना पहिल्यांदाच एक समजूतदार सशीण भेटली. त्यांनी लगेच पन्नास लिहिलं.

टिटवीने सगळी बिळं रिकामी केली. पाणवठ्यावरचे आणि गोजी धरून एकूण तेवीस ससे भरले. त्यांना भर दुपारी पाणवठ्यावर उभं करून टिटवी उरलेले सत्तावीस आणायला शेजारच्या जंगलात उडाली. ती दिसेनाशी झाली, तशी तुळसा सगळ्यांना घेऊन डोंगरापलीकडे निघून गेली.

टिटवी चार ससे घेऊन परतली. मोजले. “सेहेचाळीस कमी,” असं म्हणून पुन्हा उडाली. परत आली, तोवर ते चारही तुळसाच्या वाटेने गेले होते.

ती अजून उडतेच आहे. दरबारात रोज निरोप येतो, ‘काम चालू आहे.’ महाराज खूश आहेत, कारण फळीवर पन्नास आहेत. सुसर तेवढी रोडावली.

तात्पर्य: राजाकडे दया मागू नये, त्याची शोभा वाढवून मागावी. आणि आकडा नेहमी एवढा मोठा सुचवावा, की तो भरायला निघालेल्याला आपल्याकडे... कोण हाक मारतंय? आले, बाई, आलेच... आपल्याकडे बघायला सवडच मिळू नये.