खोली एक, सबनीस दोन

श्रीपाद सबनीसला सुट्टी गुरुवारी आणि मृदुला सबनीसला शनिवार-रविवारी. गणपती-दिवाळी सोडली तर या दोन सुट्ट्यांची सोळा वर्षांत एकदाही गाठ पडली नव्हती. श्रीपादची कंपनी चाकणला. तिकडचे बरेचसे कारखाने गुरुवारी बंद असतात. का, असं विचारलं तर कुणी विजेचं कारण सांगतं, कुणी म्हणतं, पहिल्यापासून असंच आहे. मृदुलाचं विम्याचं ऑफिस आकुर्डीत, तिथे चारचौघांसारखा रविवार. त्यामुळे पिंपळे सौदागरच्या त्या अकराव्या मजल्यावरच्या घरात गुरुवारी श्रीपाद एकटाच स्टुलावर चढून पंखे पुसायचा आणि रविवारी मृदुला तेच पंखे, तिला हवे तसे, परत पुसायची.

अशात ऑफिसातल्या रुपालीने तिला फोटो दाखवले. वाईला नदीकाठी एक खोली, खोलीपुढे ओसरी, ओसरीवर झोपाळा आणि समोर घाट.

“काय काय बघितलंत?” मृदुलाने विचारलं.

“काऽही नाही. मी आणि हा, दोन दिवस झोपाळ्यावर बसलो. बोलायचे सगळे विषय संपले, मग गप्प बसलो. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!”

घाट राहिला, झोपाळा राहिला, मृदुलाच्या मनात ते ‘विषय संपले’ रुतून बसलं. तिच्या घरात विषय संपत नसत, कारण ते सुरूच होत नसत. सव्वासहाला श्रीपादची कंपनीची बस, आठला तिची रिक्षा. मध्ये “गॅसचा नंबर लावलास?” आणि “लावला.” तिला एकदा नवऱ्याशी विषय संपेपर्यंत बोलायचं होतं. त्यासाठी दोघांचे मिळून दोन दिवस हवे होते, एवढंच.

तिने खोलीवाल्यांना फोन लावला. उद्धवराव नावाचे गृहस्थ होते.

“या की! शनिवार-रविवार ना? लिवतो. सबनीस, दोन माणसं. दोघांच्या आधारकार्डांचं फोटो तेवढं पाठवा, पोलीस पाटील मागतो. आणि जेवायचं काय? आमची कस्तुरा भरीत करती, बोटं चाखत बसाल.”

मृदुलाने फोटो पाठवले, त्याच संध्याकाळी बॅग भरली आणि दाराशी ठेवली. नववीतली लेक पूर्वी, तिची रवानगी आत्याकडे ठरली. श्रीपादनेही खरोखर हालचाल केली. कंपनीत मेंटेनन्सला तो आणि लातूरचा ज्योतीराम असे दोघेच. शनिवार-रविवारी एक नसेल तर दुसऱ्याने असायलाच हवं, नाहीतर प्रेस मशीन नेमकं त्याच दिवशी बंद पडतं, असा अनुभव होता. ज्योतीराम “बिनघोर जा, राव” म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला.

“श्रीपादराव, लई अडचण झाली बघा. मेव्हण्याची सोयरीक जमली. रविवारी सुपारी फोडायची म्हणायलेत.”

“अरे, पुढच्या रविवारी फोडा!”

“मुलगी बघितली का तुम्ही मेव्हण्यासाठी? तीन वर्षं झाली बघाय लागून. आज ‘हो’ म्हणलेत, पुढच्या रविवारी म्हणतील का? तुम्हीच सांगा.”

बॅगेतून टूथपेस्ट आणि टॉवेल बाहेर आले. पुढच्या शनिवारी ते परत आत गेले, आणि कंपनीत गिऱ्हाइकाकडून ऑडिटची माणसं येणार असं कळल्यावर परत बाहेर आले. मृदुलाला घरात धड बसवेना. येता-जाता ती बॅगेची चेन उघडायची, लावायची. भाजी चिरताना मध्येच उठून घाटाचा फोटो बघून यायची.

“आई,” पूर्वी म्हणाली, “तुमचं दोघांचं राहू दे. त्या बॅगेला तरी एकदा फिरवून आण.”

तिसऱ्या आठवड्यात मृदुलाने मनाशी ठरवलं, दर वेळी त्यानेच का वाकायचं? आपण गुरुवार-शुक्रवार रजा काढावी, म्हणजे त्याला शुक्रवारचा एकच दिवस मागावा लागेल. ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे शार्दूल, वय अठ्ठावीस.

“मॅडम, दोनच दिवस ना? मग तिथूनच लॅपटॉपवर काम करा की. नदी पण, काम पण.”

“सर, मला तिथे काहीही करायचं नाहीये. त्यासाठीच रजा हवीय.”

शार्दूलला हे कारण रजेच्या कुठल्या रकान्यात बसवावं कळेना, पण त्याने मंजूर केली. मृदुलाने जिन्यात जाऊन वाईला फोन केला. “उद्धवराव, सबनीस बोलतेय. गुरुवार-शुक्रवार करा. आणि एक, आमच्या ह्यांना कळता कामा नये हं. चुकून फोन आलाच तर काही बोलू नका.”

“न्हाई बोलत,” उद्धवराव आवाज खाली आणून म्हणाले.

इकडे चाकणला श्रीपादच्याही मनाने घेतलं होतं. बिचारी बॅग घेऊन बसलीय. त्याने ज्योतीरामला गाठलं. सुपारी फुटल्यामुळे ज्योतीराम खुशीत होता. शनिवार-रविवार त्याने सांभाळायचे आणि बदल्यात गुरुवारी, कंपनी बंद असताना, मशीन खोलून साफ करायचं आणि शुक्रवारी परत जोडायचं त्याचं काम श्रीपादने करायचं, असं ठरलं. जेवणाच्या सुट्टीत श्रीपादने शेडमागे जाऊन उद्धवरावांना फोन लावला.

“सबनीस बोलतोय. या शनिवार-रविवारची खोली पक्की करा. आणि प्लीज, आमच्या मिसेसना यातलं काही कळू देऊ नका.”

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“साहेब,” उद्धवराव हळूच म्हणाले, “माणसं दोनच ना?”

“दोनच!”

“दुसरं माणूस कोण, ते इचारायचा आमाला अधिकार न्हाई.” आणि त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी संध्याकाळी पूर्वीला आत्याकडे पोचवून मृदुलाने ताटं वाढली आणि रजेचा कागद श्रीपादच्या ताटाखाली सरकवला. त्याने घास घेता घेता वाचला. त्याचा चेहरा उजळायच्या ऐवजी पडला.

“उद्या? उद्या मी कामावर आहे.”

“गुरुवारी?”

“शनिवार-रविवार मोकळा केला ना तुझ्यासाठी! उद्या आणि परवा मी भरून देणार.”

“आणि माझी रजा उद्या-परवा आहे. त्या बदल्यात शनिवारी ऑफिसच्या विमा-कॅम्पला जायचं कबूल करून बसलेय मी!”

आमटी निवली. रागवावं तर कुणावर, हेच दोघांना सापडेना. शेवटी मृदुला बाल्कनीत गेली. उगाच त्याची ओढाताण नको, म्हणून तिने उद्धवरावांना सांगितलं, “गुरुवारचं रद्द करा. नाही जमत आमचं.” त्याच वेळी श्रीपाद लिफ्टपाशी उभा राहून सांगत होता, “शनिवारचं रद्द करा, उद्धवराव. आमचं काही जमत नाही.” आणि लगेच त्याने ज्योतीरामला फोन केला. “गुरुवार-शुक्रवार मला परत दे. ते मशीन तूच खोल, बाबा. पाहिजे तर दिवाळीत माझ्याकडून चार दिवस घे.”

ज्योतीराम म्हणाला, “राव, तुम्ही वाईला जाणार हाव का चंद्रावर?” पण दिले त्याने.

गुरुवारी सकाळी श्रीपाद सव्वासहाला कामावर गेला नाही. मृदुला उठली तर तो दात घासून बॅगेत टूथपेस्ट कोंबत होता.

“चल! दोन्ही दिवस मोकळे केले.”

“अरे, पण खोली मी काल रद्द केली!”

“मग परत घेऊ. आहे काय त्यात?”

त्यात एवढंच होतं, की उद्धवराव फोन उचलेनात. सात वाजता नाही, आठला नाही, साडेनऊला नाही. बूट घालून श्रीपाद सोफ्याच्या कडेवर, पर्स खांद्याला लावून मृदुला बॅगेशेजारी. तो उठला की ती बसायची, ती बसली की तो खिडकीशी जायचा.

“तसंच जाऊया का?”

“आणि दुसऱ्याला दिली असली तर? घाटावर झोपायचं?”

“परत लाव.”

अकराला श्रीपादने परत लावला. रिंग वाजली. त्याच्या फोनमध्ये वाजली आणि बाहेर लिफ्टपाशीही सनई वाजायला लागली. पाठोपाठ दाराची बेल.

दारात धोतर-टोपीतले एक गृहस्थ होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात वाजणारा फोन. मागे नऊवारीतल्या बाई, काखेत गाठोडं.

“सबनीस ना? आमी वाईचं. पहाटंच्या यष्टीनं निघालो. आधारकार्डावरचा पत्ता काढला बगा.” उद्धवरावांनी फोनकडे बघितलं. “कुणाचा येतोय हो सारखा? यष्टीत काय ऐकू येईना.”

“माझाच,” श्रीपाद म्हणाला.

कस्तुराबाई दोघांना ओलांडून आत आल्या. त्यांची नजर दाराशी भरून ठेवलेल्या बॅगेवर गेली. मग श्रीपादच्या बुटांवर, मग मृदुलाच्या पर्सवर.

“बगा! म्हणलं नव्हतं? अजून एक दिवस थांबलो असतो तर निघून गेलं असतं कुणीतरी.” त्या मृदुलाकडे वळल्या. “बाई, चिडू नगा. आता बाईनं एक दिस सांगायचा, बाप्यानं दुसरा, नवऱ्याला कळू देऊ नगा, बायकूला कळू देऊ नगा. आन् काल तर दोघं येगयेगळं सांगताय, आमचं जमत न्हाई म्हणून! रातभर ह्यांचा डोळ्याला डोळा न्हाई. पत्ता तर एकच हाय म्हणलं. चला, जाऊन येऊ. तुमच्यापायी खोली तशीबी मोकळीच हाय.”

“आन् एक सांगू?” उद्धवराव पंख्याखाली टेकत म्हणाले, “खोली काढल्यापासनं आमीच कुठं गेलो न्हाई. पाव्हणं कवा येतील नेम न्हाई. किती शांत हाय हो तुमच्याकडं!” आणि टोपी मांडीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले.

श्रीपाद घसा खाकरून म्हणाला, “काकू, गैरसमज होतोय. आमचं दोघांचं मुळात काहीच—”

“सगळी बापय असंच म्हणत्यात.” कस्तुराबाईंनी बाल्कनीतल्या एका खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलले. ती खुर्ची घेतल्यापासून कपड्यांचीच होती. त्यांनी ती दुसरीसमोर ओढली. “तुमी हितं बसा, तुमी हितं. सैपाकाचं मी बगती, वांगी आणल्यात. मनात असंल ते समदं बोलून घ्या. संपल्याबिगर उठायचं न्हाई.”

श्रीपादने परत तोंड उघडलं. मृदुलाने त्याचा हात धरून खाली बसवलं.

“बस ना,” ती हळूच म्हणाली.

आतून वांगी भाजल्याचा खरपूस वास येऊ लागला.

“कशावरून सुरू करायचं?” श्रीपादने विचारलं.

मृदुलाने विचार केला. “पंख्यांवरून. तू पाती वरून पुसतच नाहीस. रविवारी मला परत पुसावे लागतात.”

“परत पुसतेस? कधीपासून?”

“सोळा वर्षं.”

श्रीपादने आ वासला. “आणि मला वाटायचं, आपण पंखे कसे लख्ख ठेवतो! रविवारच्या शिफ्टला मी ज्योतीरामला सांगतोसुद्धा...”

मृदुलाला हसू फुटलं. ते दाबायला तिने पदर तोंडाला लावला. पाठमोरी ती दिसली तशी स्वयंपाकघरातून काळजीचा आवाज आला, “बाई, रडू नगा! मिटत आलं का काय?”

श्रीपादने बूट काढले आणि पाय कठड्याला लावले. मृदुलाने त्याच्याकडे बघितलं, दाराशी असलेल्या बॅगेकडे बघितलं आणि आवाज शक्य तेवढा बारीक केला.

“नाही हो काकू. बरंच राहिलंय अजून,” ती म्हणाली. “उद्या संध्याकाळपर्यंत तरी लागेल.”