आईंसाठी सातवी सीट

जुनी गाडी कशी निवडावी, हे आता अख्ख्या जळगावानं मला विचारावं! उगाच नाही सांगत. दोन महिने जुळ्यांना मांडीवर थोपटत, एका हातानं मोबाइल धरून मी गाड्यांचेच व्हिडिओ पाहत होते. नवऱ्याला इंजिन ऑइल कधी बदलायचं ते माहीत नव्हतं, मला टर्बो कधी थकतो ते पाठ झालं होतं. लेकीच्या, मोनूच्या, जुन्या वहीत बावीस मुद्दे लिहून काढले होते. वहीच्या एका बाजूला 'क कमळाचा', दुसऱ्या बाजूला 'क्लच प्लेट'!

कारण एकच होतं. आमच्या सासूबाई, मंदाबाई. मी त्यांना आई म्हणते.

आमची गाडी छोटी. पुढे नवरा हितेंद्र आणि आबा, म्हणजे माझे सासरे जीवराम. मागे साडेचार वर्षांची मोनू, सव्वा वर्षाचे जुळे, त्यांच्या दोन खुर्च्या आणि मी. आईंना जागाच नाही! जुळे झाल्यापासून कुठेही निघालो की आई दारातच थांबायच्या आणि हसून म्हणायच्या, "मी कुठी येऊ व माय, मले घरी कामं पडेल आहे. तुम्ही जा." आम्ही लग्नं जेवून यायचो, रावेरच्या मळ्यात भरीत खाऊन यायचो, आणि आई घरी एकट्या! पिंपळनेरला त्यांची सख्खी बहीण, ताईबाई मावशी, सव्वा वर्षात त्यांनी पाहिली नव्हती. मागच्या काचेतून दारातल्या आई लहान लहान होत जाताना दिसायच्या.

म्हणून ठरवलं, सात सीटची मोठी गाडी घ्यायची. जुनी चालेल, पण सातवी सीट खरी पाहिजे, पोत्यांसाठी असते तशी नको! आणि ती सीट आईंनी स्वतः बसून पास करायची.

"मी काय इंजिन पाहू का त्यातलं?" आई म्हणाल्या.

"इंजिन मी पाहते. तुम्ही फक्त बसा!"

तर एका रविवारी आम्ही सगळे धुळ्याला निघालो. सगळे म्हणजे सगळेच! मागच्या सीटवर जुळे आपापल्या खुर्च्यांत, मोनू आईंच्या मांडीवर, आई माझ्या निम्म्या मांडीवर. पारोळ्यापर्यंत माझा उजवा पाय मुंग्यांनी खाल्ला, पारोळ्यानंतर तो माझा आहे हेही मला आठवेना.

धुळ्यात भूषणभाऊंचा जुन्या गाड्यांचा मोठा अड्डा. भूषणभाऊ तरुण, इस्त्रीच्या शर्टातले. पण गल्ल्यापाशी लोखंडी खुर्चीवर त्यांचे वडील लोटन नाना बसलेले. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेला माणूस!

"या भाऊ, बठा. गाडी देखा, मंग बोलूत," नाना म्हणाले.

गाडी पाहिली आणि मी तिथंच विरघळले. राखाडी रंगाची, हत्तीच्या पिल्लासारखी! राखाडी मुद्दाम, कारण आमच्या मळ्यातल्या केळीचा चीक पांढऱ्यावर पडला की डाग जन्मभर सोबत करतो. मी वही उघडली आणि मुद्दा क्रमांक एकपासून सुरुवात केली. आबांनी मात्र वही न बघता गाडीभोवती एक संथ फेरी मारली. बॉनेटवर थाप मारली. चारही टायरांत नख घालून पाहिलं. मग खाली वाकून म्हणाले, "वळताना मागचा पाय ओढते का?"

लोटन नाना खुर्चीवरून उठलेच! "भाऊ! चाळीस वरीस बैल इकात, आते गाड्या इकस, पन गाडीले असं इचारणारा पहिलाच भेटना!"

दोघांची अशी गट्टी जमली, की भूषणभाऊ आणि हितेंद्र कोपऱ्यात उभ्या केलेल्या सायकलींसारखे दिसायला लागले.

इकडे मी मधली सीट दुमडून आईंना तिसऱ्या रांगेत बसवलं. "पाय लांब होतात?"

"हाव! आणि खिडकी बी आहे."

"गुडघे दुखतात?"

"आता तर बसली मी!"

"मग बसून राहा. अर्धा तास तरी. मुद्दा क्रमांक चौदा!" मधली सीट मी खटकन सरळ केली, जुळ्यांच्या खुर्च्या मावतात का ते पाहिलं, तेवढ्यात धाकट्यानं भोकाड पसरलं. त्याला कडेवर घेऊन मी बाहेर आले. खिडक्यांना उन्हाच्या काळ्या जाळ्या होत्या, एसी गार चालू होता, आणि आई आत होत्या. हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

बाहेर सौदा सुरू झाला होता. पण बोलून नाही! नानांनी खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं होतं. बैलबाजारातली जुनी रीत. भाव तोंडानं सांगायचा नाही, उपरण्याखाली बोटं धरून सांगायचा. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, मूठ म्हणजे पाच. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. आणि बोटं धरताना हाताकडे बघायचंही नाही. म्हणून दोघं म्हातारे दोन वेगळ्या दिशांना आकाशात पाहत उभे! लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, विमान येणार आहे.

"किती झालं?" मी हितेंद्रला कुजबुजून विचारलं.

"मला काय माहीत! माझा बाप आहे, माझी बोटं नाहीत."

मी नीट दिसावं म्हणून आबांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. तेवढ्यात आबांचा फोन वाजला. रावेरहून केळीच्या ट्रकचा. तो घ्यायला आबांनी उजवा हात बाहेर काढला. आणि त्याच क्षणी माझ्या कडेवरच्या धाकट्यानं हलणाऱ्या उपरण्यात हात घातला!

आमच्या धाकट्याची पकड सांगते. त्यानं एकदा भाजीवाल्याचा तराजू धरला होता, तो सोडवायला भाजीवाल्याला घरी यावं लागलं होतं.

नानांचं एक बोट त्यानं गच्च पकडलं. नाना आकाशाकडेच पाहत होते. त्यांनी हळूच हिसका दिला. पकड ढिली होईना. दुसरं बोट पुढे केलं. ते नाकारलं गेलं! नानांच्या कपाळावर घाम आला. आबा फोनमध्ये "हाव, हाव, भरून टाका" म्हणत होते. नानांना वाटलं, हा माणूस सौद्यात आपल्याला घाम फोडतो आणि दुसरीकडे ट्रकही भरतो!

"व्हई गया!" नाना ओरडले. "सौदा व्हई गया! जीवराम भाऊ भलता पक्का माणूस शे!" आणि त्यांनी उपरणं उचललं.

खाली धाकटा. त्याच्या मुठीत नानांचं बोट. चेहऱ्यावर चार दात काढून हसू.



हळूहळू उलगडा झाला. आठ लाख तर आधीच ठरले होते. प्रश्न वरच्या पैशांचा होता, एका बोटाला दहा हजार. नाना पन्नास हजारांवर अडून होते, आबा तीसवर येणार होते, आणि आमच्या चिरंजीवांनी एका बोटात दहावर मिटवलं होतं! मी मनातल्या मनात त्याचा मुका घेतला. पण मनातच राहिला तो. कारण खरं भांडण आता सुरू झालं.

"नाना, हा सौदा नाही," आबा म्हणाले. "मले लेकराच्या हातानं गाडी नाही घ्यायची. वर तीस घ्या."

"शबद म्हणजे शबद!" नाना गरजले. "वर दहाच! एक रुपया जास्ती लेवाव नही मी. हात कोना बी राहो, तुमना घरनाच शे ना!"

"तीस!"

"दहा!"

"अहो, फुकट नको मले तुमचं!"

"मंग मी काय खोटा माणूस शे का?"

घेणारा भाव वाढवतोय आणि विकणारा पाडतोय! भूषणभाऊ भिंतीला टेकले. हितेंद्र म्हणाला, "आबा, ते कमीच घेतायत ना..." आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा सायकल झाला. खरं सांगते, मला राग यायला हवा होता, पण दोघांचा अभिमानच वाटत होता. हल्ली वीस रुपयांसाठी लोक रस्त्यात शर्ट फाडतात, आणि हे दोघं वीस हजार एकमेकांना देण्यासाठी कॉलरपर्यंत आले होते!

शेवटी आबांनी उपरणं नानांच्या खांद्यावर ठेवलं, हात जोडले आणि म्हणाले, "राहू द्या मग. चाला रे!"

झालं! मोडला सौदा. आईंची सातवी सीट डोळ्यांदेखत गेली.  मान खाली घालून आम्ही आपल्या छोट्या गाडीत बसलो. हितेंद्रनं गाडी सुरू केली, फाटकाबाहेर काढली. मी मागे टेकले, पाय पसरले, आणि मनात आलं, आपली गाडी तशी काही एवढी अडचणीची नाहीये. ऐसपैस तर बसलोय!

"आजी कुठे?" मोनूनं विचारलं.

हितेंद्रनं असा ब्रेक मारला, की वही उडून आबांच्या टोपीवर आदळली. आम्ही पळत परत गेलो. राखाडी गाडीची जागा रिकामी!

"ती?" भूषणभाऊ म्हणाले. "पिंपळनेरचे सुकदेवभाऊ आणि त्यांच्या मिसेस आत्ताच मागच्या फाटकानं चक्कर मारायला घेऊन गेले. तुमचा सौदा मोडला ना?"

"अहो, तिच्यात आमच्या आई आहेत!"

"गाडीत? कुठे?"

"मुद्दा क्रमांक चौदा!" मी रडायलाच लागले. आईंना फोन लावला, तर तो माझ्याच पिशवीत वाजला. जिच्यासाठी गाडी घ्यायची, तिलाच मी दुसऱ्याला चाचणीसाठी देऊन बसले होते! आबांचं तर वेगळंच. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं बायकोला "ऐकलं का" याशिवाय हाक मारली नव्हती. ते रस्त्यावर मधोमध उभे राहून ओरडत होते, "मंदा! ए मंदा!" आवाज फुटला होता त्यांचा. लोटन नाना एका हातानं आबांना धरून, दुसऱ्या हातानं ट्रक थांबवत होते.

पंधरा मिनिटांनी राखाडी गाडी झोकात वळून आत आली. आई तिसऱ्या रांगेत नव्हत्या. पुढच्या सीटवर होत्या! मांडीवर कागदात गरम भजी. मागे सुकदेवभाऊंची बायको, सुनंदाबाई.

झालं होतं असं. एसीच्या गारव्यात आईंचा डोळा लागला. जाग आली ती बायपासवर. त्यांनी मागून शांतपणे विचारलं, "भाऊ, गाडी कुठी चालली?" सुकदेवभाऊंनी जागच्या जागी ब्रेक दाबला.

"ब्रेक एकदम चांगले आहे," आईंनी उतरता उतरता मला सांगितलं. "लिहून घे."

मी त्यांच्या गळ्यातच पडले.

"रडते कशाले? या सुनंदाबाई ताईबाईच्या घरामागे राहतात! सगळी खुशाली समजली." खानदेशात दोन बायका पाच मिनिटं शेजारी बसल्या की ओळख निघतेच. "आणि त्यांची दोनच लेकरं. मी म्हटलं, एवढी मोठी गाडी रिकामी फिरवाल का? त्यांनी लहान घ्यायची ठरवली."

मग आबांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही काय ओरडत होते रस्त्यात? पार चौकातून ऐकू आलं."

आबांनी टोपी सारखी केली. "ट्रकवाल्याले आवाज देत होतो."

दहा आणि तीसचं भांडण आईंना सांगितलं. त्यांनी एक भजं खाऊन होईपर्यंत विचार केला.

"हे वर तीस देतील. नाना, तुम्ही घ्या. नाही म्हणायचं नाही."

"पन बाई, मना शबद..."

"ऐका तर. ही लेकरं पहिल्यांदा तुमच्या दारात आली. त्यांच्या हातावर काही ठेवाल का नाही?"

नानांचा चेहरा उजळला. वीस हजार ते लेकरांच्या हातावर ठेवणार! आणि लेकराच्या हातावर ठेवलेले पैसे परत करणं आबांच्या सात पिढ्यांत बसत नाही. आबांचा भाव राहिला, नानांचा शब्द राहिला, गाडी आमची झाली! माझी बावीस मुद्द्यांची वही मी मुकाट्यानं पिशवीत सारली. या बाईपुढे मी काय गाडी निवडणार! थोरल्यानं हेवा करून गळा काढला, तेव्हा नानांनी दहा-दहाचे दोन भाग केले. धाकट्यानं पैसे घेतले. आणि पुन्हा धरलेलं नानांचं बोट काही सोडलं नाही. नाना आमच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले.

आज पहिली सहल. पिंपळनेर, ताईबाई मावशीकडे. हितेंद्र, आबा, मोनू, जुळे, आई. सातवी मी. पण बहिणीला मांडे खाऊ घालायचे म्हणून आईंनी मांडे भाजायचं मातीचं खापर घेतलं. घमेल्यापेक्षा मोठं! डिकीत केळीचे घड होते, तिथं ते फुटलं असतं. शेवटी माझ्या सीटवर खापर बसलं, त्याला बेल्ट लावला आणि मी दारात राहिले. मागच्या काचेतून आईंनी हात हलवला आणि मी भरून पावले.

त्याला आता पाच तास झाले. घरात टाचणी पडली तर ऐकू येईल. मी चहा केला आणि तो गरम असतानाच प्यायले. आडवी झाले, कुणी पोटावर चढलं नाही. नंतर ही गोष्ट लिहायला घेतली, सलग. मधेच एका विचारानं माझं पेन थांबलं: दारात मागे राहताना आई दर वेळी हसायच्या कशा?

तेवढ्यात आईंचा फोन आला.

"पोहोचलो व. सीट झकास आहे. पण आज तुलेच राहावं लागलं, मले ते काही बरं नाही वाटत. पुढच्या रविवारी तू जा, मी घरी थांबते."

"छे छे, आई!" मी घाईघाईनं म्हणाले. "असं कसं? त्या सीटवर तुमचाच हक्क आहे! मी थांबत जाईन ना घरी. मला काही त्रास नाही!"

 मग आई आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या,

"समजलं वाटतं तुले!"